बिनसातबाऱ्याचं रान

"जमीन आपल्या नावावर न्हाई तर धंदा कसला गं?" असं सत्यजीतदादांनी मला त्यांच्या पाटसच्या बंगल्यात, पाहुण्यांच्या देखत विचारलं, तवा माझ्या हातात गरम चहाची कपबशी होती. ती मी फेकली न्हाई, एवढंच त्या दिवशीचं माझं शहाणपण.

पण आधी पाहुणे कोण ते सांगते, न्हाईतर म्हणाल ही बाई भांडणापासनंच सुरू करते.

मी धनश्री. माहेर शिरूर तालुक्यातलं. माझे वडील, आबा, अजूनबी मेंढरं राखत्यात. भाऊबंद सगळे शेतीला लागले, कुणी कंपनीत चिकटलं, पण आबांचं ठरलेलं, दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आन् निघायचं, ते पार पावसाच्या तोंडाला परत. आई कुशाबाई त्यांच्याबरोबर. मी लग्न करून कारेगावला आले. नवरा सुरज रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटी ऑपरेटर. सगुणाबाईंच्या चाळीत भाड्याच्या दोन खोल्या. त्यात भागंना, म्हणून मी आखातात दोह्याला गेले, एका बड्या हॉटेलच्या लाँड्रीत. चादरी धुवायच्या. कोण कुठले लोक येऊन झोपून जायचे आन् त्यांच्या चादरी माझ्या वाट्याला. वर्षानुवर्षं मी तेच केलं. आता मला पांढरा रंग दिसला तरी मळमळतं.

तिथं माझ्या शेजारच्या मशिनीवर रोवेना होती. फिलिपिन्सची. गुणाची पोरगी. माझं आन् तिचं स्वभावानं उलटं: मी चिडले की पार खालच्या पार्किंगपर्यंत ऐकू जायचं, आन् ती चिडली की एकदम गोड व्हायची. सुपरवायझर तिला विचारायचा, उद्या डबल ड्युटी करशील का? ही हसून म्हणायची, "येस सर, येस सर." आन् दुसऱ्या दिवशी ताप आला म्हणून खोलीत. मी म्हणलं, अगं भवाने, न्हाई म्हणायचं होतं तर न्हाई म्हणायचं! तर म्हणली, तोंडावर न्हाई म्हणलं की समोरच्याची लाज जाते, आमच्यात तसं करत न्हाईत. आन् खरंच व्हय असलं की ती बोलायचीच न्हाई. नुसत्या दोन्ही भुवया वर उचलायची. पहिले दोन-तीन महिने मला वाटायचं, ही मला नखरे दाखवतेय.

रोवेनाच्या चुलत्याचं तिकडं समुद्राकाठी नारळाचं मोठं रान. त्यांना मूलबाळ न्हाई, हीच लेक. रोवेना रोज रडगाणं गायची, की नारळाला भाव न्हाई आन् झाडाखाली गवत असं माजतं की पडलेला नारळ सापडत न्हाई, गवत काढण्यातच सगळं जातं. एक दिवस मी चादरीच्या घड्या घालता घालता म्हणलं, "मग खाली शेळ्या सोडा की! गवत खात्यात, लेंड्या टाकत्यात. तुला काय मी सांगायला पाहिजे व्हय?"

ती थांबली. माझ्याकडं बघितलं आन् भुवया वर.

तिथनं हे सुरू झालं. आम्ही दोघींनी फिलिपिन्सच्या एका वकिलाला फोनवर विचारलं. तो म्हणला, परक्या माणसाला ह्या देशात जमीन घेता येत न्हाई, आन् असल्या लहान धंद्यात वाटा शंभरात चाळीसच्या वर न्हाई. साठ आमच्या माणसांचे, चाळीस तुझे. मी म्हणलं, बेस हाय. परक्या घरी जाऊन कुणी देवघरात बसतं का? ह्या सुट्टीत जमवायचं असं आम्ही ठरवलं. जमलं तर जमलं, न्हाईतर दोघींनी परत जाऊन मरेपर्यंत चादरी.

सगळं अडलं होतं एका माणसापाशी. रानाचे मालक, रोवेनाचे चुलते नेस्तोर. ती त्यांना तियो, म्हंजी काका, म्हणते, म्हणून मीबी तियोच म्हणते. ते म्हणले, ज्याच्याबरोबर धंदा करायचा त्याचं घरदार आधी डोळ्यांनी बघीन, मग बोलीन. आपल्याकडं सोयरिकीला माणसं निघतात तसे चुलता-पुतणी विमानात बसले.

आन् सत्यजीतदादा मधी कसे आले? त्यांचे वडील हौसराव अण्णा, त्यांच्या रानात आबांची मेंढरं वरसानुवरसं रात्रीची खताला बसतात, ती ओळख. माझी गोष्ट दादांच्या कानावर गेली. फोन आला, "धनश्री, भांडवल मी घालतो. त्या चाळीसातले तीस माझे, धा तुझे. सगळं मोठ्या प्रमाणावर करू." मी भुलले. खोटं कशाला बोलू, माझ्याजवळचं सगळं मिळून एका कोपऱ्यात चार शेळ्या उभ्या राहिल्या असत्या, आन् ह्यांच्या जीवावर सगळं रान भरणार होतं. दादांनी तर कशाचाच पत्ता नसताना फ्लेक्सचं डिझाइनबी करून ठेवलं होतं. कोट-टाय, मागं विमान, खाली 'परदेशी उद्योजक'.

पाहुणे आधी आमच्याकडं कारेगावला उतरले. रोवेनाच्या पिशवीतनं सुक्या माशाचा वास सुटला तसा सगुणाबाईंनी दारात येऊन पदर नाकाला लावला आन् आता ह्या बोलणार, तेवढ्यात तियोंनी वाकून त्यांचा हात धरला आन् आपल्या कपाळाला लावला. थोरामोठ्यांना भेटलं की ते असं करत्यात, आपण पाया पडतो तसं. सगुणाबाई दचकल्याच. मग दिवसभर चाळीत सांगत फिरल्या, "माझ्या पोटच्या पोरांनी कवा एवढा मान दिला न्हाई गं बाई!" आन् संध्याकाळी सुकटीची चटणी पाठवून दिली. तियोंनी ती भाताबरोबर, हातानं, बोटं चाटून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुरज धरून आम्ही चौघं पाटसला गेलो. दादांनी जीपमधनं सगळं फिरवून दाखवलं, ऊस, ट्रॅक्टर, विहीर, नवी पाइपलाइन. "हे आपलं. त्या बांधापासनं त्या बांधापर्यंत आपलंच." तियो हसून मान डोलवत होते. बंगल्यावर आलो तर अण्णा झोपाळ्यावर बसलेले. मला बघून म्हणले, "आबा कुठं हाय गं सध्या?"

"पारगावच्या पुलापलीकडं, अण्णा. बागायतदार ज्योतिबाच्या रानात बसवलीत मेंढरं."

"आमचाबी कांदा निघाला बघ. रान मोकळं पडलंय. धाडतो कुणालातरी आबाकडं."

मग चहा आला आन् दादांनी खुर्ची पुढं ओढली. दादांचं इंग्रजी हायवेवरच्या ढाब्यासारखं, सगळं मिळतं पण एका ताटात. "मामाजी, सिंपल हाय. लँड ट्रान्सफर रोवेनाके नाम पे. ओन्ली नेम! दुसरा पेपर आपल्यात, प्रायव्हेट. रियल ओनर मी. फॅमिली के जैसा. आन् वो ओल्ड वर्कर लोग सब आउट. माझा मॅनेजर, तारेचं कंपाउंड, कॅमेरे, गार्ड. ओके?"

तियोंच्या रानात तीन-चार घरं पिढ्यानपिढ्या राबतात. नारळ काढतात, सोलतात, तिथंच राहतात. तियोंच्या लग्नात त्यांच्याच बायांनी भात शिजवला होता म्हणे. त्यांना आउट!

तियो गोड हसले. "येस," म्हणले. "येस, येस."

मला दोह्याचा सुपरवायझर आठवला. रोवेनाकडं बघितलं तर ती स्वतःच्या चपलांकडं बघत होती.

दादा मात्र खुशीत. "बघ! झालं की नाय? तुला उगं वाटत होतं अवघड हाय. ए, पेढे आणा रे कुणीतरी!" आन् फ्लेक्सवाल्याला फोन लावायला लागले.

"दादा," मी म्हणलं, "फोन ठेवा. ते न्हाई म्हणत्यात."

"अगं, दोन-तीनदा येस म्हणले!"

"म्हणूनच सांगते. आन् दादा, ह्याला तिकडं गुन्हा म्हणत्यात. दुसऱ्याचं नाव पुढं करून परक्यानं मालक व्हायचं, ह्यावर जेल हाय. वकिलानं मला पहिल्या दिवशी सांगितलंय आन् मी तुम्हांला सांगितलंय. तुम्ही इथं पाटसमधी बसाल, अडकंल ही पोरगी."

"सगळे करत्यात तसं."

"करंनात. मी न्हाई करणार."

तवा त्यांनी ते विचारलं, जमीन आपल्या नावावर न्हाई तर धंदा कसला गं? मी म्हणलं, जमीन त्यांची, जनावरं धंद्याची, त्यात अडतंय कुठं? दादा अण्णांकडं बघून हसले आन् म्हणले, "जाऊ द्या. पिढ्यानपिढ्या मेंढरामागं फिरलेली माणसं. जमिनीची किंमत ह्यांना काय कळणार?"

कपबशी मी सावकाश खाली ठेवली. सुरजला माझी ही ठेवायची पद्धत माहीत हाय, त्यानं माझी ओढणी धरली. मी ती सोडवून घेतली.

"किंमत आम्हांला न्हाई कळत? दादा, तुमच्याकडं जमीन जन्मापासनं हाय, म्हणून तुम्हांला ती नुसती नावावर पाहिजे. आम्ही दुसऱ्याच्या जमिनीत रात काढतो आन् सकाळी उठताना तिला आदल्या दिवसापेक्षा चांगली करून उठतो. तुमचा कांदा कशावर पोसला ते अण्णांना विचारा! हेच झोपाळ्यावर बसलेत, विचारा!"

अण्णा म्हणले, "सत्या, जिभेला काय हाड? पाहुणे बसलेत."

"राहू द्या अण्णा. आन् दादा, आता नीट ऐका. तुमचं भांडवल नको मला. तीसबी नको आन् धाबी नको तुमच्यातलं."

"आन् मग काय करशील? चार बकऱ्या पाळशील?"

"चार तर चार! पण ज्याच्या रानात जाईन त्याचं रान हडपणार न्हाई आन् त्याच्या माणसांच्या पोटावर पाय देणार न्हाई. उठा तियो."

'उठा तियो' मी मराठीतच म्हणलं. ते लगेच उठले.

बाहेर हायवेवर आलो आन् सुरज फुटला. "झालं समाधान? आता जा परत चादरी धुवायला! तुझ्या तोंडापायी एक दिवस धड जात न्हाई."

"जाईन! पण त्याच्या फ्लेक्सवर न्हाई जाणार."

बोलले खरं, पण आतनं हादरले होते. रोवेनाच्या डोळ्यात पाणी होतं. तिला सगळं कळलं होतं, मराठी न कळताच. तियो एस.टी.ची वाट बघत शांत उभे होते. मग मला म्हणले, त्यांच्या सावकाश इंग्रजीत, "जमीन तुझी होणार न्हाई. पैसेवाला माणूसबी आता गेला. मग तुझं म्हणून माझ्या रानात काय येणार?"

रागाचं एक असतं बघा, मला तो मराठीत येतो. इंग्रजीत मला रडू येतं. मी एवढंच म्हणलं, "उद्या सकाळी चला. दाखवते."

काय दाखवणार होते ते माझं मलाच धड माहीत नव्हतं. मला फक्त आबांकडं जायचं होतं.

सकाळी पारगावचा पूल ओलांडून पलीकडं गेलो. भीमेच्या अंगानं गार वारं होतं. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. आबा वाघर सोडत होते. वाघर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी, खुंट्या ठोकून चौफेर लावायची. मेंढरं उठून अंग झाडत होती. मी आईला कालचं सगळं सांगितलं, ती ऐकता ऐकता भाकरी करपवत होती, आन् आबा पाठ करून ऐकत होते.

तियो आबांसमोर गेले आन् त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला. "आरं आरं, काय करतोय ह्यो!" आबा मागं सरले. मी सांगितलं तसे मग नीट उभे राहिले, डोक्यावरचा रुमाल सरळ केला आन् तियोंच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तियो वाघरीच्या आतल्या रानात शिरले. बसले. ओल्या मातीतल्या लेंड्या हातात घेतल्या, चुरल्या, वास घेतला. शेतकऱ्याचा हात कुठल्याबी देशातला असू दे, मातीत गेला की कळतो. मला म्हणले, "काल रात्री इथं होती. आज?"

"आज वाघर उचलायची, त्या पलीकडच्या तुकड्यात लावायची. उद्या त्याच्या पलीकडं. सगळं रान असं फिरून काढायचं. तुमच्या नारळाखाली हेच करायचं. एका जागी गोठा बांधला की लेंड्या गोठ्यात आन् झाड उपाशी. फिरवलं की गवत जातं आन् खत झाडाच्या बुडाशी पडतं. ह्याला जमीन नावावर लागत न्हाई, जाळी लागते."

"आन् ज्याचं रान, तो तुमच्या वडिलांकडनं भाडं किती घेतो?"

मी हसले. "भाडं? तो आबांनाच ज्वारी देतो. वर चहा."

तियोंनी मान हलवली. विश्वास बसला न्हाई. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस," म्हणले.

तेवढ्यात रानाचा मालक ज्योतिबाच आला, पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन. मी काय बोलायची गरजच राहिली न्हाई. पोतं आईपाशी टेकवलं आन् आबांना म्हणला, "आबा, आणखी दोन रात मुक्काम करा की. तो खालचा कोपरा राहिलाय."

आबा काय बोलणार, तर रस्त्यावर जीप थांबली. पांढरी. मी म्हणलं, आली का ब्याद इथंबी! सत्यजीतदादा उतरले. मला आन् पाहुण्यांना तिथं बघून त्यांचा पाय जरा अडखळला, पण आता परत फिरता येईना. येऊन आबांसमोर उभे राहिले.

"आबा, अण्णांनी पाठवलंय. म्हणले, तू सोता जा. कांद्याचं रान मोकळं झालंय. आजपासनं मेंढरं आमच्यात बसवायची."

ज्योतिबा उसळला. "आजपासनं? आन् माझा कोपरा काय तुमच्या घरचं माणूस येऊन खतवणार हाय?"

"अण्णांचा आन् आबांचा शब्द हाय जुना."

"शब्द असंल, पण मेंढरं माझ्या रानात हायेत! दोन रात कुठं जात न्हाईत."

"मी टेम्पो पाठवतो आबा, मेंढरं टेम्पोत घालून न्यायची."

"मी दोन पोती देतो आबा!"

दोघं बागायतदार, बांधावर उभे राहून हातवारे करून भांडत होते, आन् मधी माझा बाप तंबाखू मळत होता. तियो माझ्याजवळ सरकले. "हे कशावरनं भांडतायत? ह्या दोघांपैकी कुणाची जमीन गेली का?"

मला तवा कळलं, काय दाखवायला आणलंय ते.

मी मोठ्यानं, इंग्रजीत, एक-एक शब्द सुटा करून सांगितलं. दादांना कळावं असं. "तियो, दोघांकडं जमीन हाय. भरपूर हाय. दोघांनाबी माझ्या बापाची मेंढरं आपल्या रानात बसलेली पाहिजेत, म्हणून भांडतायत. काल हा माणूस म्हणला, की पिढ्यानपिढ्या मेंढरामागं फिरलेल्यांना जमिनीची किंमत काय कळणार. मी काल तुम्हांला ते सांगितलं न्हाई, मला लाज वाटली. आज सांगते. आज त्याचा बाप त्याला आमच्या दारात पाठवतोय. तुम्ही विचारलंत ना, माझं म्हणून तुमच्या रानात काय येणार? हे येणार. तुम्ही मला बोलावलं पाहिजे, असं मी करून दाखवीन. न्हाई दाखवलं तर मी जाळी उचलून जाईन, तुमची इंचभर जमीनबी माझ्यापाशी अडकलेली नसंल."

रोवेना तोंडावर हात घेऊन हसायला लागली आन् हसता हसता रडायला लागली. दादांचे कान लाल झाले होते. इंग्रजी चांगलंच कळतं की त्यांना.

"आबा, काय ते सांगा," दादा म्हणले, आवाज बराच उतरला होता.

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मला नगा इचारू. आता कारभार लेकीकडं हाय. तिला इचारा."

ह्या माणसानं माझ्या लग्नातसुद्धा मला विचारलं नव्हतं. पण दादांसमोर रडायची माझी तयारी नव्हती.

"येऊ की दादा," मी म्हणलं. "अण्णांचा शब्द मोडायचा न्हाई. पण ज्योतिबाचा कोपरा झाल्यावर. नंबर लावा. आन् मेंढरं टेम्पोत न्हाई, पायी येतील, त्यांना सवय हाय. काल मागवलेले पेढे राहिले असतील तर तेवढे आईला पाठवा."

दादा जीपच्या किल्लीशी चाळा करत राहिले. ज्योतिबा मात्र खदखदून हसला आन् आईनं त्याला भाकरीवर चटणी घालून दिली. मग तिनं तीच दादांच्याबी हातात दिली. दारात आलेल्याला उपाशी धाडायची आमची रीत न्हाई. दादांनी उभ्यानं खाल्ली.

तियो लांब बांधावर जाऊन बसले होते. मी जवळ गेले. म्हणले, "माझ्या रानातली माणसं? त्यांचं काय?"

"त्यांना पगारी गडी करायचं न्हाई. त्यांना शेळ्या अर्धलीनं द्यायच्या. सांभाळ त्यांचा, करडं झाली की निम्मी त्यांची, निम्मी धंद्याची. आमच्याकडं अशीच देतात. शेळी मेली तर राखणाऱ्याला दोष न्हाई, पण जगवली तर त्याचं घर उभं राहतं."

तियो माझ्याकडं बघतच राहिले. "आमच्या गावातबी अशीच द्यायचे," म्हणले. "माझा बाप द्यायचा. मला वाटलं होतं, हे फक्त आमच्यातच हाय."

"आन् तियो, आधीच सांगते, सगळं रान भरणार न्हाई. माझ्याजवळ हाय तेवढ्यात एक कोपराच होईल. जमलं तर करडं वाढतील तशी जाळी पुढं सरकंल. आन् मी तोंडानं वाईट हाय. तुमच्या माणसांवर ओरडायचं न्हाई हे रोवेनानं मला शिकवलंय, पण मी ओरडेन, तवा मला समुद्रावर पाठवून द्या. चालंल का?"

त्यांनी तोंड मेंढरांकडं फिरवलं. एक-एक मोजत असल्यासारखे बघत होते. मला वाटलं, आता हसतील. आता गोड हसतील आन् येस म्हणतील, आन् संपलं.

हसले न्हाईत. माझ्याकडं वळले आन् दोन्ही भुवया वर उचलल्या.

रोवेनानं किंकाळीच फोडली. मी तिच्या गळ्यात पडले. सुरजला काय कळंना, तो "काय झालं? काय म्हणले?" करत पळत आला. आबा लांबनंच ओरडले, "भुवया काय उडवतोय त्यो? पटलं न्हाई वाटतं! जाऊ दे पोरी, दुसरं काय तरी बघू!"

"पटलं आबा!" मी ओरडले. "पटलंय!"

आबांना खरं वाटलं न्हाई. त्यांनी घोड्यावरच्या ओझ्यातनं जुनी राखीव वाघर काढली, तियोंपाशी आणली आन् मला म्हणले, "ह्याला सांग, खुंटी वाकडी ठोकायची, सरळ ठोकली की उपटती. रान कुणाचं हाय तिकडं?"

"ह्यांचंच, आबा. आपलं न्हाई."

"मग बेस हाय. शेतसारा भरायची कटकट न्हाई."

तियोंनी ती वाघर घेतली, झटकली आन् स्वतःच्या खांद्यावर टाकली. लेंड्यांचा वास मारत होती, त्यांना काही वाटलं न्हाई.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दोह्याचा नंबर. लाँड्रीचा सुपरवायझर. तो माझ्या सुट्टीत रोज फोन करायचा, की चादरींचा ढीग पडलाय. मी स्पीकरवर टाकला, रोवेनानंबी ऐकावं म्हणून.

"धनश्री! रोवेनाबी तुझ्यासोबत हाय ना? दोघी सुट्टी संपल्या संपल्या हजर पाहिजेत. सीझन हाय. डबल ड्युटी करावी लागंल. येणार ना?"

मी रोवेनाकडं बघितलं. तिनं ओठ दाबून धरले होते, हसू फुटू नये म्हणून. मी घसा साफ केला आन् आयुष्यात कवा आला नव्हता तेवढा गोडवा आवाजात आणला.

"येस सर," मी म्हणलं. "येस सर!"